अक्षरांचे पाय

जेवण उरकून कोलाप संगणकासमोर बसली. कोम्पोंग छ्नांग शहरातल्या त्या छोट्या मासेमारी कचेरीतलं तिचं काम तिला आवडायचं. तळ्यावर तरंगणाऱ्या गावांतून आलेली मासळीची वजनं प्रोग्रामला द्यायची आणि आलेख काढायचा. दर गावाला एक उभा खांब, खांबाखाली गावाचं नाव. खांब सुरेख यायचे, पण नावं खालच्या कडेला कापली जायची. ख्मेर अक्षरांचे पाय ओळीखाली लोंबतात, ते नेमके छाटले जायचे.

"सगळी गावं लंगडी केलीस की गं!" मागून मिंग फाली म्हणाली. मिंग म्हणजे मावशी. कचेरी चालवणाऱ्या फालीला सगळे तसंच हाक मारत.

"खाली जागा वाढवते, मिंग. आत्ता होईल."

तिने खालचा समास वाढवला. अक्षरांना पाय फुटले. पण आता प्रत्येक नावाखाली आणखी एका ओळीचे शेंडे दिसू लागले. कोलापने फाइल उघडून पाहिली. तिथे गावांची नावं आणि वजनं, एवढंच होतं. तिने समास आणखी वाढवला, आणि ती दुसरी ओळ पूर्ण खाली उतरली. प्रेक स्वाय या गावाखाली लिहिलं होतं, 'चिंचेच्या बेटामागे'.

तेवढ्यात होडीवरून वजनं गोळा करणारा विचेत घामाघूम होऊन आला. "पाणी उतरतंय, गावं रोज जागा बदलतायत. प्रेक स्वाय शोधताना पेट्रोल संपलं माझं."

"चिंचेच्या बेटामागे बघ उद्या."

"कोण म्हणतं?"

"आलेख म्हणतो."

"मग त्याला म्हणावं, माझ्यासाठी एक बायकोही शोध!"

दुसऱ्या दिवशी प्रेक स्वाय त्याला चिंचेच्या बेटामागेच सापडलं. लोक अजून दोर बांधत होते. आपण इथे येणार हे आदल्या रात्रीपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग रोजच नावांखालच्या ओळी खऱ्या ठरू लागल्या. पहिले काही दिवस कोलाप त्या पुन्हा पुन्हा तपासायची. मग सवय झाली. विचेत दुपारीच परतून झोपाळ्यात घोरू लागला, मिंग अंगणात मासे भाजू लागली, आणि कचेरीत असा निवांतपणा आला की कारण विचारायला कोणीच धजेना.

एका नावाची ओळ मात्र अजून कापलेलीच होती. कोह आंपिल. त्या गावाला खांब नव्हता. फार वर्षांपूर्वी वादळात दोर तुटून ते गाव वाहून गेलं होतं; एक फळीसुद्धा सापडली नव्हती. मिंगची धाकटी बहीण पेउ त्याच गावात राहायची. ते नाव आलेखातून काढायला मिंगने कधीच परवानगी दिली नव्हती.

"तेवढं एक राहिलंय," मिंग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.

कोलापने जागा वाढवली. ओळ आणखी खाली सरकली. तिने पुन्हा वाढवली. अर्धा कागद कोरा झाला, आणि मग अक्षरं एकदाची पूर्ण दिसली.

'कचेरीच्या पायऱ्यांशी.'

मिंगने ओठ हलवत ते वाचलं. मग उठून पदराला हात पुसावेत तसे कमरेच्या साराँगला पुसले. "कोलाप, मोठं पातेलं काढ."

"कशाला, मिंग?"

"एवढ्या उन्हातून येतायत माणसं. भुकेली नसतील?"

झोपाळ्यातून विचेत उठून बसला. "मिंग, तळं कुठच्या कुठे मागे गेलंय. बाहेर नुसती धूळ आहे!"

मिंग तांदूळ धूत होती. गुणगुणत होती.

भात शिजत आला तेव्हा पायऱ्यांवर लाकूड आपटल्यासारखा आवाज झाला. मिंग घाईने बाहेर गेली.

"किती वाळलीस गं!" तिचा आवाज आला. मग हसणं. एकीचं नव्हे, दोघींचं.

कोलापने विचेतकडे पाहिलं. तो हलला नाही.

ती एकटीच दाराशी गेली. मिंग खालच्या पायरीवर बसली होती, चेहरा लहान मुलीसारखा उजळलेला. समोर ऊन, भेगाळलेलं रान, कोणी नाही.

पायरीच्या खांबाला एक दोर बांधलेला होता. तो जमिनीला न टेकता रानाच्या दिशेने सरळ गेला होता आणि थोड्या अंतरावर हवेतच संपला होता.

लाटांवर घर डोलावं तसा तो हळूहळू सैल पडत होता. मग पुन्हा ताणला जात होता.