शंभर मोजेपर्यंत

दुपारचे अडीच वाजले की मित्सुए तेराओका आठव्या मजल्यावरच्या स्नानघरात जायची, हौदाच्या काठावर उकिडवी बसायची, आधी तापमापी बघायची आणि मग कोपरापर्यंत हात पाण्यात घालायची. तापमापी आकडा सांगते, पण माणसाला सोसवेल की नाही ते हातच सांगतो, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी तापमापी एक्केचाळीस दाखवत होती आणि हाताचीही काही तक्रार नव्हती.

'शिराउमे' हे जहाज ओतारूहून निघून उत्तरेची बेटं, सोयाची सामुद्रधुनी, शिरेतोकोचे कडे आणि मग कुशिरो अशा सफरीवर होतं. उतारू बहुतेक साठी ओलांडलेले. सकाळी हलका व्यायाम, दुपारी चहा, संध्याकाळी ठेवणीतले किमोनो नेसून सात पदार्थांचं जेवण. मित्सुएचं वय बावन्न. मागेपुढे कोणी नाही. ओकायामाच्या डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या एका सराईत वीस वर्षं काढून ती गेल्या हिवाळ्यात या जहाजाच्या स्नानघरावर कामाला आली होती. उत्तरेच्या समुद्रात तिची ही पहिलीच फेरी.

सकाळपासून धुकं होतं. स्नानघराची समोरची भिंत अख्खी काचेची. एरवी हौदात बसलं की हे पाणी आणि तो समुद्र एकमेकांना लागूनच आहेत असं वाटायचं. आज आत वाफ पांढरी, बाहेर धुकं पांढरं, मधली काच नेमकी कुठे आहे तेच कळत नव्हतं. दर दोन मिनिटांनी जहाजाचा भोंगा वाजायचा, आणि हौदाच्या पाण्यावर बारीक शहारा उमटायचा.

यंत्रखान्यातले नुमाता पंप तपासायला आले होते. "उतारू वैतागलेत," ते म्हणाले. "एवढ्या लांब येऊन दूध बघत बसायचं का, म्हणतात."

"मग वर थोडी साखर पाठवून द्या," मित्सुए म्हणाली. नुमाता हसत खाली गेले.

तीन वाजता सुमा कुझुमाकी आल्या. त्र्याऐंशीच्या, हातात काठी, पाठ ताठ. बरोबर सून होती, चिकागे. तिनं सासूला कपडे बदलायला मदत केली, आतल्या हौदापर्यंत पोचवलं आणि बाहेर येऊन मित्सुएला बाजूला घेतलं.

"मला डॉक्टरांकडे आईंच्या गोळ्यांचं विचारायला जायचंय. दहा मिनिटं. तेवढं लक्ष ठेवाल?"

"ठेवते की."

"त्यांना एकटं सोडू नका." चिकागेचा आवाज खाली आला. "सकाळपासून त्या गप्प आहेत. लढाई संपली त्या उन्हाळ्यात उत्तरेच्या काराफुतो बेटावरून एका मासेमारी बोटीतून त्यांना आणत होते. पाच वर्षांच्या होत्या. बोट इथेच कुठेतरी बुडाली. चाळीस-पन्नास माणसं होती, पोरंच जास्त. थोरली बहीण बरोबर होती त्यांच्या. घरी हा विषय कोणी काढत नाही. पण या वर्षी हट्टच धरला, याच वाटेनं जायचं म्हणून."

चिकागे गेली. मित्सुए दाराजवळच्या बाकावर टॉवेलांच्या घड्या घालत बसली. काचेच्या दारातून तिला आजींचं पांढरं डोकं दिसत होतं. आजी पलीकडच्या काठाशी, काचेकडे तोंड करून, गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या.

भोंगा वाजला. तो थांबला तेव्हा आतून मोजण्याचा आवाज येत होता.

लहान मुलाचा आवाज. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस... घरोघरी पोरांना हौदात बसवून म्हणायला लावतात तसं, शंभर झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही. मित्सुएला बरं वाटलं. कोणीतरी नातवंडाला घेऊन आलंय, आजींना तेवढीच सोबत. मग तिची नजर समोरच्या मांडणीकडे गेली. कपडे ठेवायच्या चोवीस टोपल्या. त्यातल्या एकीतच कपडे होते, आजींचे.

आणि या सफरीवर लहान मूल एकही नव्हतं.

ती उठून दाराशी गेली. दार जरासं सरकवलं तशी वाफ अंगावर आली, पण त्या वाफेला ऊब नव्हती. हिनोकीच्या लाकडाचा नेहमीचा वासही नव्हता. ओल्या लोकरीचा वास होता, आणि खाली कुठेतरी जळक्या तेलाचा.

बासष्ट, त्रेसष्ट...

आता आवाज एक नव्हता. पाच-सहा असतील, दहा असतील, एकमेकांत मिसळलेले, कंटाळलेले.

"आजी," मित्सुएनं हाक मारली. "झालं बरं का... चला आता."

आजींनी मान वळवली नाही. त्यांचा उजवा हात पाण्याखाली पुढे गेला होता, कोणाला तरी द्यावा तसा. आणि त्यांच्या पलीकडे, वाफेत, डोकी होती. काळी, ओली, पाठमोरी डोकी, ओळीनं. मित्सुए त्या हौदाची रोज घासपूस करायची. सात पावलं लांब, पाच पावलं रुंद, त्यापुढे काच. ओळ मात्र पुढे जात होती. काच असायला हवी त्याच्याही पुढे, बाहेरच्या पांढऱ्यात, एकामागे एक, लहान लहान होत.

"आजी..."

सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी...

पुढे काय केलं ते तिला नीट आठवत नाही. ती कपड्यांसकट हौदात उतरली एवढं खरं. पाणी इतकं गार होतं की तिच्या छातीतला श्वास तिथेच थांबला. तिनं मागून आजींच्या काखांत हात घातले आणि ओढलं. म्हातारी काटकुळी, पण भिजलेली जाड रजई ओढावी तसं वजन लागत होतं. कोणी उलटं खेचत नव्हतं. नुसतं भार टाकून बसलं होतं.

ब्याण्णव... त्र्याण्णव...

मित्सुएनं एक पाय पायरीला लावला, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून मागे रेटा दिला. दोघी फरशीवर पडल्या. भोंगा वाजला, लांबलचक. तो थांबला तेव्हा आत नुसता नळ ठिबकत होता. मित्सुएनं मागे वळून पाहिलं नाही. सरपटत जाऊन तिनं धोक्याच्या घंटेची दोरी ओढली.

डॉक्टर आले, चिकागे रडत आली. आजींचे ओठ निळे पडले होते, पण श्वास ठीक होता. नुमातांनी हौदात हात घातला, मग तापमापी पाहिली.

"एक्केचाळीस आहे, तेराओकाबाई. सकाळपासून एकदाही खाली आलेलं नाही, यंत्रात सगळं नोंदलं जातं."

"मी उतरले होते त्यात."

"उष्म्यानं भोवळ येते कधी कधी," ते हळूच म्हणाले. पण त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे होतं. तिची बोटं पांढरीफटक पडली होती, बर्फात काम केलेल्या माणसाची पडतात तशी.

दुसऱ्या दिवशी धुकं फिटलं. शिरेतोकोचे कडे उन्हात लखलखत होते, सगळे उतारू कठड्याशी उभे राहून फोटो काढत होते. मित्सुए आजींच्या खोलीत गेली. चिकागे न्याहारीला गेली होती. आजी सज्जात शाल गुंडाळून चहा पीत होत्या, चेहऱ्यावर चांगला रंग आलेला.

मित्सुएनं कमरेतून वाकून माफी मागितली. "मी आधीच आत यायला हवं होतं."

"अहो, तुम्ही होतात म्हणून मी आज चहा पितेय."

मित्सुए थोडी घुटमळली. "आजी... काल तुम्ही हात पुढे केला होता. तुमची बहीण... त्यांनी बोलावलं का तुम्हाला?"

"माझी बहीण?" आजी हसल्या. "तिनं तर मला पाठीवर घेऊन पोहत किनाऱ्याला आणलं. चांगली नव्वदीपर्यंत जगली, आसाहिकावाला. परवा-परवा गेली, भांडखोर बाई."

"मग ती मुलं?"

"बोटीतलीच असतील. चेहरे काही दाखवले नाहीत. एवढ्या वर्षांनी मी आले, म्हटलं मला काहीतरी म्हणतील, तू तेवढी वाचलीस म्हणून. रागावली तरी चाललं असतं. माफी मागायला म्हणून हात पुढे केला." आजींनी कप खाली ठेवला. "पण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सारखं एकच विचारत होती. मित्सुचान आली का... मित्सुचान का येत नाही..."

मित्सुएचा हात छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे गेला. पट्टीवर फक्त आडनाव होतं. जहाजावर तिला सगळे आडनावानंच ओळखत. लाडानं मित्सुचान म्हणायची ती एकटी तिची आई, आणि आईला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. तिच्याआधी घराण्यात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता.

"तुमच्या ओळखीत आहे का कोणी?" आजींनी विचारलं.

"नाही."

"मी मुलांना म्हटलं, विचारून सांगते." आजी उन्हाकडे बघत राहिल्या. "परतीला तिथूनच जायचंय ना?"

मित्सुए कुशिरोला उतरली. घरी आजारपण आहे असं सांगून सामान उचललं, आगगाडीनं ओकायामाला आली आणि जुन्या मालकिणीच्या पाया पडून सराईत पुन्हा कामाला लागली. तिथून समुद्र पंचवीस मैल लांब, मध्ये डोंगरांच्या तीन रांगा. ती आता हौदात उतरत नाही, बादलीनं अंग धुते. मालकीण तिला हसते. पहिली दोन वर्षं तिला नीट झोप लागत नव्हती, मग लागायला लागली.

या नवीन वर्षाच्या शुभेच्छापत्रांत एक कार्ड सुमा कुझुमाकींचं होतं. पत्ता चिकागेनं गेल्या वसंतातच, जहाजाच्या कचेरीतून सराईचं नाव घेऊन, मालकिणीला फोन करून मिळवला होता. अक्षर थरथरतं, पण स्वच्छ.

'गेल्या उन्हाळ्यात सुनेनं पुन्हा त्याच सफरीला नेलं. तब्येत छान आहे. तिथे धुकं होतंच. मुलं भेटली. तुम्ही हल्ली कुठे असता, असं विचारत होती. त्या दिवशी मला ओढून काढणारी ती मित्सुचानच, असं त्यांनीच मला सांगितलं. माझ्यापासून लपवलंत ना. असो. मला या वयात मुलांशी खोटं बोलवत नाही हो.'