प्रवाहाला 'आय' कशाला?

छापखान्याच्या जिन्यात आमची टक्कर झाली आणि त्याच्या हातातले कागद पायऱ्यांवर पसरले. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. तो काहीतरी म्हणाला… मला नुसती घरघर ऐकू आली.

"सर्दी झालीय का?" कागद गोळा करता करता मी विचारलं.

"नाही," तो कसंनुसं हसला, "घसाच संपत आलाय."

तो भौतिकशास्त्र शिकवायचा. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेना, तेव्हा त्याने पुस्तक लिहायला घेतलं. त्याची प्रूफं तपासायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. रोज दुपारी आम्ही खिडकीपाशी बसायचो. मी मोठ्याने वाचायची, तो चुकीवर बोट ठेवायचा.

"विजेच्या प्रवाहाला 'आय' कशाला? करंटचा 'सी' कुठे गेला?"

"नाव फ्रेंचांनी ठेवलं. प्रवाहाची तीव्रता… त्यांच्या भाषेत तो शब्द 'आय'ने सुरू होतो."

"आणि मोमेंटमला 'पी'? त्यात तर 'पी' औषधालाही नाही!"

"'एम' वस्तुमानाने आधीच अडवला होता. पण 'पी'च का… खरं सांगू? नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे सरांनाही न येणारं काहीतरी आहे तर!"

"बरंच आहे," असं म्हणून त्याने माझ्यावरची नजर घाईघाईने कागदावर वळवली. त्या पानावर एकही चूक नव्हती.

मग मी मुद्दामच प्रश्न उकरून काढू लागले. तेवढाच त्याचा आवाज कानावर पडायचा. दिवसागणिक आवाज बारीक होत चालला होता.

शेवटचं प्रूफ संपलं तेव्हा तो म्हणाला, "सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार आहेत."

सोमवारी सकाळी मी त्याच्या खाटेपाशी उभी होते.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय." एका दमात बोलून टाकलं. थांबले असते तर जमलंच नसतं.

"उद्यापासून तू बोलशील आणि मी नुसता बघत बसेन… असला संसार तुझ्या गळ्यात कशाला बांधू?"

"मी बांधून घेतेय. तुमचं काय जातंय?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही. मग त्याने माझं नाव घेतलं. पहिल्यांदाच, नुसतं नाव. थांबून पुन्हा घेतलं.

"बोलू नका हो, घसा जपा," नर्स म्हणाली.

"आता कशासाठी?" तो म्हणाला… आणि पुन्हा माझं नाव घेतलं.