देवमाशाखालचं पाणी

"अहो बाई! ऐकताय ना? डॉक्टरांना बोलावू का?"

मी मिटलेला डोळा उघडला. नेम धरताना मिटतात तसा तो मुद्दाम मिटून ठेवला होता. संग्रहालयाच्या सगळ्यात मोठ्या दालनात मी फरशीला गाल टेकवून चक्क पालथी पडले होते आणि माझ्यावर एक घाबराघुबरा चेहरा वाकला होता. केसांत पांढरी धूळ, हातात मऊ ब्रश.

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "फरशीचा उतार बघतेय. दारातून पाणी आत आलं तर आधी कुठे जाईल, ते."

"पाणी? बाहेर तर लख्ख ऊन पडलंय."

"आज नाही हो. पुढे... कधीतरी."

 तो सरळ माझ्या शेजारी पालथा झाला आणि त्यानंही फरशीला गाल लावला.

"खरंच की..." तो हळूच म्हणाला. "सगळा उतार याच्याकडेच येतोय."

मी मान वळवली, आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या माणसाला नाही, देवमाशाला.

सकाळपासून मी त्याच्या आजूबाजूला वावरत होते, पण अशी खालून नजर टाकली नव्हती. बरगड्यांच्या कमानी एकामागून एक उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून खिडकीचं ऊन झिरपत होतं. पाठीचा कणा दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निघालेला. लोखंडी घोड्यांवर तोललेला तो प्रचंड जीव फरशीपासून जेमतेम हातभर वर होता. उतार विसरून मी उताणी झाले आणि बघतच राहिले.

"सगळ्यांचं असंच होतं," शेजारून आवाज आला. "पहिल्यांदा."

संग्रहालयात त्याला सगळे 'हाडवैद्य' म्हणत. प्राण्यांचे सांगाडे जपायचे, झिजलेली हाडं सांधायची, हे त्याचं काम. आणि माझं काम? हवामान बदलतंय, त्यातून एखाद्या संस्थेवर काय ओढवू शकतं ते आधीच शोधायचं आणि त्यासाठी काय तयारी करायची ते सांगायचं. दवाखाने, शाळा, गोदामं, आणि आता हे समुद्रकाठचं संग्रहालय. आई म्हणते, "लोक तुला कौतुकानं चहाला बोलावतात आणि तू त्यांना तुमचं घर कुठवर बुडेल ते सांगतेस. तुझ्याशी लग्न कोण करणार गं?"

पुढचे दिवस मी इमारतीचा कानाकोपरा पालथा घातला. किल्ल्यांचा जुडगा घेऊन हाडवैद्य सोबत असायचा. खरं तर किल्ल्या पहारेकऱ्याकडेही होत्या...

"वेधशाळा, आज कुठे जायचं?" तो विचारायचा. हे नाव त्यानंच ठेवलेलं.

"गच्चीवर. पन्हाळी तुंबल्यात का ते बघायचंय."

"अरे वा! लोक बागेत नेतात, तुम्ही मला पन्हाळी दाखवायला नेताय."

"तुम्हाला यायची सक्ती नाही."

"छे छे, पन्हाळ्यांची मला लहानपणापासून फार आवड!"

मी हसू दाबून शिडी चढले. वर वारा असा सुटला होता की माझी ओढणी उडून त्याच्या चष्म्यावर जाऊन बसली. त्यानं ती सोडवायला जरा जास्तच वेळ लावला. मीही घाई केली नाही.

एकदा दुपारी त्यानं मला देवमाशाच्या शेपटीकडे नेलं. कण्याखाली दोन लहानशी हाडं तारेनं बांधलेली होती. बाकीच्या सांगाड्याला कुठेच न जोडलेली, जणू कुणी विसरून गेलंय.

"ही कसली?"

"कमरेची. याचे पूर्वज जमिनीवर चालायचे, चार पायांवर. मग पाण्यात उतरले, पाय गेले... एवढी खूण राहिली."

त्यानं माझा हात धरून अलगद त्या हाडावर ठेवला. हाड थंड होतं, खरखरीत होतं. एवढा अजस्र जीव कधीकाळी पायांनी किनाऱ्यावर हिंडला असेल, हे माझ्या डोक्यात मावेना. अंगावर काटा आला. आता तो हाडामुळे आला की हातामुळे... कोण जाणे.

"बदलायला याला किती काळ लागला असेल?" मी विचारलं.

"लाखो वर्षं. आपल्याला किती मिळतील?"

"तेवढी नाहीत," मी म्हटलं.

त्यानं हात काढला नाही.

काढला तो बैठकीच्या दिवशी. संचालकबाईंसमोर मी पडद्यावर नकाशा लावला. समुद्रात वादळ आणि त्याच वेळी मोठी भरती, असं जुळून आलं की पाणी रस्ता ओलांडून दालनात शिरणार. आणि आता असं वरचेवर जुळून येणार. देवमाशाच्या निम्म्या बरगड्या पाण्याखाली जातील, असं मी निळ्या रंगात दाखवलं. जुन्या हाडांत खारं पाणी मुरलं की ती आतून भुसभुशीत होतात, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

"म्हणून हा सांगाडा इथून हलवावा, असं माझं मत आहे."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. हाडवैद्य उठून गेला होता.

मी जिन्यात गाठलं त्याला. "अहो, ऐका तरी..."

"हलवावा! सुटा करायला गेलं तर निम्मी हाडं हातात येतील. माझ्या गुरूंनी आयुष्य घातलंय त्यात." तो ओरडला नाही, म्हणून जास्त लागलं. "तुम्ही येता, रंगीत नकाशा दाखवता आणि जाता. मागे राहायचं आम्हाला."

घरी गेले तर धाकटा भाऊ म्हणाला, "तायडे, तोंड का उतरलंय? कोण बुडालं आज?"

"मीच," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

सकाळी कार्यालयात पोचले तर तो दाराशी उभा. डोळे लाल, हातात गुंडाळी केलेला मोठा कागद.

"हलवायचा नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "उचलायचा! आहे तसा, अख्खा. छताच्या लोखंडी तुळयांना टांगायचा. तुळया पेलतील का, ते तुमच्या ओळखीचा कुणी इंजिनिअर सांगेल ना?" मग आवाज खाली आला. "आणि... काल बोललो त्याचं वाईट वाटतंय. तुमचा राग नव्हता, भीती वाटली होती."

"मलाही वाटते," मी म्हटलं. "रोज. म्हणून तर नकाशे काढते."

इंजिनिअरनं तुळया तपासल्या, दोन नव्या घालायला लावल्या. उचलायच्या दिवशी सगळं संग्रहालय दालनात जमलं होतं. कप्प्या कुरकुरल्या, साखळ्या ताणल्या. हाडवैद्य प्रत्येक बरगडीखाली पळत होता, बाळाची मान सावरावी तसे हात वर धरून. आणि मग कुणाला कळायच्या आत लोखंडी घोडे रिकामे झाले. देवमासा अधांतरी, किंचित हेलकावत, आमच्या डोक्यांवरून वर चालला. संचालकबाईंनी तोंडावर हात धरला होता. 

खालच्या कपाटांतले पक्षी, अंडी, कीटक वरच्या मजल्यावर गेले. दालनामागच्या बोळातलं शंखांचं कपाट तेवढं राहू दिलं. तिथवर पाणी येणार नाही, असं मीच सांगितलं होतं.

वादळ आलं तेव्हा बाहेर दिवसाच अंधारून आलं होतं. इशारा वेळेवर मिळाला होता. दारांना फळ्या लावल्या, वाळूची पोती रचली, वीज बंद केली आणि सगळे वर आलो. खाली समुद्र आधी फळ्यांच्या फटींतून आला, मग पोत्यांवरून, मग सरळ आपलंच घर असल्यासारखा. मी वरच्या सज्जाचा कठडा घट्ट धरला होता.

दुपारी वारा पडला. ढग फाटले आणि खिडक्यांतून एकदम ऊन आत आलं. दालनभर पाणी उभं होतं, आता अगदी शांत. आणि त्या पाण्यात... देवमासा होता. वर एक, खाली एक. पाणी जरा हललं की खालच्याच्या बरगड्या हलायच्या, शेपूट वळायची. तो पोहत होता. कैक वर्षांनी त्याला समुद्र भेटायला आला होता.

"बघताय ना?" मी कुजबुजले.

 हाडवैद्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

मग मला बोळाची आठवण झाली. सज्जाच्या टोकाशी जाऊन वाकून पाहिलं. तिथलं पाणी उतारानं दालनात ओसरलं होतं. शंखांचं कपाट आडवं झालं होतं, दारं उघडी, शंख गाळात विखुरलेले.

"माझा अंदाज चुकला," मी डोळे पुसत म्हटलं. "मीच म्हटलं होतं, राहू द्या..."

"शंख आहेत हो ते! त्यांना पाण्याचं काय सांगताय? धुऊन घेऊ, पुसून घेऊ."

मी रडता रडता हसले. तो जवळ सरकला, कठड्यावरच्या माझ्या बोटांपाशी त्याची बोटं येऊन थांबली.

"इथलं काम संपलं तुमचं?"

"हं... आता दुसरं गाव. बंदराजवळचा दवाखाना."

"एक विचारू? माणसाचं सांगता येतं का तुम्हाला? पुढे काय होईल ते?"

"नाही. माझ्या नकाशांत माणसं नसतात."

"मग मी सांगतो." त्यानं एक श्वास घेतला. "तू कुठेही जा, कितीही वादळं मोजत बस... मला तुझ्या शेजारी राहायचंय. आवडतेस तू मला. फार."

तू म्हणाला तो मला. खाली एवढा समुद्र पसरला होता आणि मी त्याच्या बोटांत बोटं गुंफली. 

"दवाखान्याचं काम लांबेल," मी म्हटलं. "पण दर सुट्टीला येईन. तू... स्टेशनवर येशील ना घ्यायला?"

तो एवढ्या मोठ्यानं हसला की दालन घुमलं.

"हसताय काय वर!" पदर खोचून पाण्यात उतरलेल्या संचालकबाई जिन्याखालून ओरडल्या. "पंप कोण लावणार? या खाली, दोघंही!"

आम्ही हात न सोडता जिना उतरलो. शेवटच्या पायरीवर त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि देवमाशाखालच्या त्या पाण्यात आम्ही दोघांनी एकदमच पाय टाकला.