ओल्या सारवणातला बिबट

जनकाबाईच्या अंगणात, ताज्या सारवणात चार पावलं उमटली होती. बशीएवढी. पुढे टोकदार नखांच्या खुणा.

वरवट बकालच्या शिवारात, डांबरी रस्त्याला लागून तिचं घर. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची आणि घर सोड म्हटलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. आज मात्र पोलीस पाटील किसनरावांनी हट्टच धरला होता. दारात टेम्पो उभा, त्यात तिची खाट आणि पत्र्याची पेटी चढलेली. जनकाबाई उंबऱ्यावर ठाण मांडून बसली होती.

वनरक्षक अनुपमा आली आणि आधी तिनं टेम्पोची चावी काढून खिशात टाकली. माझ्याआधी सामान हलवायचा शहाणपणा कोणी केला, असं तिनं विचारलं. सगळे नागसेनकडे पाहू लागले. जनकाबाईचा पुतण्या. बिबट्या त्यानंच पाहिला होता, आणि गाव त्यानंच गोळा केलं होतं.

"कधी पाह्यला?" अनुपमाने विचारलं.

"आज सकाळी पाच वाजता. गाडीवरून जाऊन राह्यलो होतो. ह्याच अंगणातून गेला. ओल्या सारवणात पाय रुतत होते त्याचे."

"नक्की?"

"माह्या डोळ्यानं पाह्यलं, मॅडम."

अनुपमाने गुडघे टेकून पावलं मोजली. एकदा, दोनदा. मग जनकाबाईपाशी जाऊन बसली. सारवलं कधी, एवढंच विचारलं.

"नऊले," म्हातारी फणकारली. "शेतातली लाईन ह्या हप्त्यात आठले येते. लाईन नाही तं मोटर नाही, मोटर नाही तं पाणी नाही. सारवलं, पांढरं लुगडं नेसली अन् पौर्णिमेच्या वंदनेले विहारात गेली. बारा वाजता आली तं हे."

अनुपमा उठली. तिचा आवाज चढला नाही, पण किसनराव दोन पावलं मागे सरकले.

"बिबट चालताना नखं आत ओढून घेतो. इथं चारही पावलांना नखं हायेत. अन् चारही पावलं एकाच डाव्या पायाची. बिबट काय लंगडी खेळत आला होता? बरं, तेही सोडा. हे सारवण नऊ वाजता झालं. पाचले इथं कोरडी माती होती. मंग नागसेन, तुम्हाले ओलं सारवण दिसलं कुठून?"

नागसेनच्या घरी गावातला नळ. बायको पहाटेच सारवते, म्हणून काकूनंही पहाटेच सारवलं असेल, असं त्यानं धरलं होतं. शेतावरच्या विजेची वेळ दर आठवड्याला बदलते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

अनुपमाने त्याच्या मोटरसायकलची डिक्की उघडायला सांगितली तर चावी हरवली म्हणे. भरल्या गावासमोर येडं बनवलं गेल्यानं किसनराव असे पेटले होते, की त्यांनी दगड घालून झाकण फोडलं. आत लाकडाचा कोरलेला पंजा होता. बोटांच्या फटीत शेण अजून ओलं होतं.

मग नागसेननं सगळं ओकलं. रस्त्याकडेची ही जागा ढाब्यासाठी त्यानं परस्पर एकाला कबूल केली होती. म्हातारी निघत नव्हती. वाघ-बिबट्याला तरी भिईल, असा त्याचा हिशेब. नखं कोरली ती घरच्या कुत्र्याचा पाय पाहून.

अनुपमाने जबाबाचा कागद काढला. नागसेन जनकाबाईच्या पायाशी बसला.

"मोठमाय, घरातली गोष्ट हाय. घरातच राहू दे."

जनकाबाईनं पाय मागे घेतले.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "माय मेली तवा सहा महिन्यांचा होता. म्या वाढवला, ह्याच घरात. तेबी लिहा."