रस्त्याकडची बाजू

सप्टेंबर लागला की होर्लेनच्या घाटात गाड्यांचा नुसता ऊत येतो. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत एकदा तरी वर जाऊन आलंच पाहिजे, असं सपाटीवरच्या लोकांनी डोक्यात घेतलेलं असतं. झ्युरिचचे मोटारसायकलवाले येतात, घरासकट हिंडणारे डच म्हातारे येतात, उघड्या टपाच्या गाडीत मफलर गुंडाळून कुडकुडणारी जोडपी येतात. सगळे घाटमाथ्यावरच्या हॉटेलापाशी थांबतात, कठड्याला टेकून हिमनदीसोबत फोटो काढतात, केक खातात आणि ब्रेक जळल्याचा वास मागे ठेवून उतरतात.

फिलोमेना हेर्गर हे सगळं वरच्या कुरणातून बघायची. तिला सगळे मेना म्हणत. बरीच वर्षं तिने याच घाटात पोस्टाची पिवळी बस चालवली होती. त्यामुळे कुठला गाडीवाला कुठल्या वळणावर घाबरणार, हे तिला इथे बसूनही सांगता आलं असतं. गर्दीचा तिला राग नव्हता. राग एकाच माणसाचा होता, आणि तो त्या हॉटेलाचा मालक होता.

त्याचं नाव दामियान. गेल्या वर्षी याच दिवसांत, धुकं दाटलेल्या एका संध्याकाळी, मेनाचा भाऊ आम्ब्रोस चुकलेलं वासरू शोधत रस्त्यावर उतरला. हॉटेलाच्या खालच्या वळणावर त्याला गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. आम्ब्रोस सरपटत रस्त्याच्या भिंतीपर्यंत गेला. सकाळी तो मेनालाच सापडला, कारण सकाळची पहिली बस तिची होती. दोन्ही हातांची नखं उखडून निघाली होती आणि तोंड उघडं होतं.

दामियानच्या जीपचा दिवा फुटलेला होता. रानबोकड आडवा आला, म्हणाला. पोलिसांनी लिहून घेतलं. धुकं होतं, साक्षीदार नव्हता, विषय संपला. पुढे हॉटेलात जेवण वाढणारी ओडेट, पोर्तुगालची पोर, नोकरी सोडून जाताना मेनाच्या बसमध्ये बसली आणि सगळा रस्ता रडली. त्या रात्री खालून कोणीतरी हाका मारत होतं, म्हणाली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मालक म्हणाले, दारुडा असेल. त्यांनी खिडक्या लावल्या आणि गाणी मोठी केली.

"पोलिसांना सांगशील?" मेनाने विचारलं.

ओडेटने नकारार्थी मान हलवली, आणि स्टेशन येताच उतरून गेली.

मग मेनाने बस सोडली आणि भावाच्या गायी घेतल्या. कुरण परक्याच्या हातात जाऊ द्यायचं नव्हतं, हे एक कारण. दुसरं असं की कुरणातून दामियानचं हॉटेल सतत डोळ्यांसमोर राहायचं.

कुरणाबरोबर सांजेची हाकही तिच्याकडे आली. दूध काढून झालं की गुराख्याने झोपडीपुढच्या क्रुसापाशी उभं राहायचं, दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावायचं आणि चारही बाजूंना वळून देवाला, मारियेला, गुरं राखणाऱ्या संत वेंडेलिनला हाक द्यायची. या डोंगरावर जे जे जीव आहेत त्यांना रात्रभर सांभाळा, म्हणायचं. आवाज जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत राखण होते, असं सगळे मानतात. मेनाचा विश्वास ब्रेकवर आणि टायरवर. पण आम्ब्रोसने एकही संध्याकाळ चुकवली नव्हती, म्हणून तीही चुकवत नसे.

जूनमध्ये गायी वर चढवताना दामियान हॉटेलाच्या दारात उभा होता. दोन पाहुणे शेजारी होते, त्यामुळे त्याला चेव आला.

"काय मेना, बस सोडून भोंगा हातात घेतलास म्हणे! जरा हळू हं. माझे पाहुणे सूप सांडतात."

"तुझ्या बाजूला नको का हाक?"

"नको बाई, माफ कर! आमच्याकडे विजेचे दिवे आहेत."

पाहुणे हसले. मेना हसली नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुझ्याकडे वळणारच नाही."

त्या संध्याकाळपासून ती तीनच बाजूंना वळली. उत्तरेकडे, शिखराकडे, खालच्या दरीकडे. रस्त्याकडे तिने पाठ ठेवली. पहिल्या दिवशी नुसता राग होता. मग त्यात गोडी वाटायला लागली. दिवसभर राबून अंग मोडून आलेलं असायचं, पण ती चौथी बाजू सोडताना तिला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं.

फ्लोरिनमामाच्या हे लक्षात आलं. मामा म्हणजे आईचा भाऊ, ऐंशीला टेकलेला. उन्हाळाभर तिच्यासोबत राहून चीज करायचा. डोळे अधू झालेले, पण कान असे की गोठ्यात वासरू शिंकलं तरी म्हणायचा, कोणाला सर्दी झालीय बघ.

"एक बाजू राहिली," तो म्हणाला.

"राहू दे."

"मेना, तुझा भाऊ त्याच रस्त्यावर गेला."

"म्हणूनच."

मामा कढईतलं दूध ढवळत राहिला. "आपण राखलं नाही तर दुसरं कोणीतरी येऊन राहतं गं तिथे," एवढंच बोलला.

ऑगस्टमध्ये एकदा मेना कुंपण ठोकत होती. खालच्या वळणावर एक मोटारसायकल आडवी होऊन वळली. असली गाडी दरी दणाणून सोडते. आवाज आला नाही. मागून दुसरी आली, तिसरी आली. खेळण्यातल्या गाड्यांसारख्या त्या मुकाट्याने वर सरकत गेल्या. वारा उलटा असेल, म्हणून तिने बोट ओलं करून वर धरलं. वारा रस्त्याकडूनच येत होता.

आठवड्याने एक कालवड कुंपण मोडून रस्त्याच्या अंगाला उतरली. मेना काठी घेऊन मागे गेली. कालवड पळत होती, गळ्यातली घंटा डावी-उजवीकडे हेलकावत होती, आणि घंटा वाजत नव्हती. मेनाने तिला धरलं आणि घंटेत हात घातला. आतला लोलक जागेवर होता. तिने तो हाताने आपटून पाहिला. बोटांना ठोका कळला. कानांना काही नाही. कालवडीला तिने ओढत वर आणलं. मोडक्या कुंपणाच्या आत आल्या आल्या घंटा खणखणली, इतकी अचानक की दोघीही दचकल्या.

हे तिने मामाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळीही ती रस्त्याकडे वळली नाही.

सप्टेंबरात दामियान स्वतः वर आला. दूध काढून झालं होतं, उन्हं शिखरावर चढली होती. नेहमी गुळगुळीत दाढी केलेला माणूस, पण गालांवर खुंट वाढलेले. बाकावर बसला तो न विचारताच.

"मामा, पाणी द्या जरा," म्हणाला. मामाने दिलं. तो घटाघटा प्यायला, आणि मग पेला बाकावर आपटून तो टक्क आवाज ऐकत बसला. पुन्हा आपटला.

"इथे ऐकू येतं," तो म्हणाला.

"म्हणजे?" मेनाने विचारलं.

"माझ्याकडे येत नाही. दिवे लागले की सगळं बंद होतं. पाहुणे समोरासमोर बसून ओठ हलवतात, मग घाबरतात, बिलही न मागता गाडीत जाऊन बसतात. स्वयंपाकी पळाला. कुत्रा पळाला. मी टेबलावर उभा राहून बोंब मारली, मेना. माझी मला ऐकू आली नाही."

"मग चांगलंच आहे की. शांतता. शहरातले लोक त्याचेच पैसे मोजतात."

"एकच आवाज येतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "खालून. भिंतीच्या पलीकडून. हाका मारतो. खिडक्या लावल्या तरी येतो. उशी डोक्यावर घेतली तरी येतो."

मामाने क्रुसाची खूण केली. मेनाला आतून सुख वाटलं. उन्हाळाभर तिने हेच मागितलं होतं.

"काय म्हणतो?"

दामियानने पेला पुन्हा आपटला.

"काय म्हणतो, ते सांग."

"माझं नाव घेतो."

"त्या रात्रीही घेत होता?"



"हो," दामियान म्हणाला. "ऐकलं मी. मला वाटलं, थोड्या वेळाने थांबेल."

"थांबलाच की."

"मेना, मी पोलिसांकडे जातो. उद्याच जातो. लिहून देतो. पण आज एकदा, एकदाच, माझ्या बाजूला हाक दे. तुझ्या पाया पडतो."

"तूच नको म्हणाला होतास."

"थट्टा केली गं मी!"

"मी नाही केली."

"पोरी," मामा हलक्या आवाजात म्हणाला, "दे. तो कबूल झालाय."

मेना उठली. खुंटीवरचं नरसाळं काढून क्रुसापाशी गेली. दामियान तिच्यामागे आला आणि टोपी काढून उभा राहिला. तिने उत्तरेकडे हाक दिली. शिखराकडे दिली. खालच्या दरीकडे दिली. तिचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे इतका खुला लागला होता. मग तिने नरसाळं खाली घेतलं, झोपडीच्या भिंतीशी आली आणि ते परत खुंटीला अडकवलं.

दामियान टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. मग टोपी घातली आणि पायवाटेने उतरायला लागला.

खालून धुकं वर चढत होतं.

कुंपणाच्या पलीकडे त्याचे बूट दगडांवर पडत होते, पण ते पडल्याचा आवाज नव्हता.

मेनाने गुरं मोजायची दुर्बीण डोळ्यांना लावली. धुकं मध्येच फाटलं. दामियान त्या वळणावर पोचला होता. रस्ता ओलांडून हॉटेलाकडे जायचं सोडून तो भिंतीला पाठ लावून उभा होता. समोर कोणी नव्हतं. गाड्या कधीच खाली गेल्या होत्या, रस्ता पार रिकामा. तो मान हलवत होता. नाही, नाही, असं.

मग तो वळला. तिच्याकडे बघून त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

तो ओरडत होता. गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

"काही दिसतंय का?" मामाने दारातून विचारलं. "पोचला का तो?"

"पोचला," मेना म्हणाली.

दामियानचे हात तोंडावरून सुटले आणि भिंत खरवडायला लागले.

तिने दुर्बीण पेटीत ठेवली. आत गेली, दार लावलं, मामाला सूप वाढलं, आपल्याला वाढून घेतलं. सूप गरम होतं. तिने दोनदा घेतलं.

सकाळी पिवळी बस त्या वळणावर थांबलेली दिसली. नवा ड्रायव्हर रस्त्यात बसला होता, डोकं दोन्ही हातांत धरून. मग पोलिसांची गाडी आली, मग रुग्णवाहिका. दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला आणि मोटारसायकली पुन्हा चढायला लागल्या. मेना कान देऊन उभी राहिली. आवाज नव्हता.

तिला वाईट वाटलं नाही. उगाच कशाला खोटं सांगा? ती आम्ब्रोसच्या खाटेवर बसून रडली, पण ते सुटल्याचं रडणं होतं. फिटलं एकदाचं, ती मोठ्याने म्हणाली. आता त्या रस्त्यानेही झोपावं. आज चारही बाजूंना हाक द्यायची, असं तिने ठरवलं.

दूध काढून झालं. गायी गोठ्यापाशी गोळा झाल्या. धुकं कुंपणाच्या आत आलं होतं, पण पातळ होतं. मामा दारातल्या बाकावर हात जोडून बसला.

मेना आधी रस्त्याकडे वळली. नरसाळं तोंडाला लावलं, छाती भरून श्वास घेतला आणि हाक दिली.

समोरच्या कड्यावरून काही परत आलं नाही.

धुक्याने दाबला असेल आवाज. तिने पुन्हा दिली, जोर लावून. संत वेंडेलिनचं नाव घेतलं. मारियेचं घेतलं. रस्त्यावर जे जे जीव आहेत, म्हणाली. भावाचं नाव घेतलं. शेवटी दामियानचंही घेतलं.

गायी चरत राहिल्या.

ती शिखराकडे वळली. दरीकडे वळली. मग मामाकडे वळली आणि नरसाळं फेकून, नुसत्या तोंडाने, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभी राहून सगळा जीव एकवटून ओरडली.

मामा तिच्याकडे मायेने बघत होता.

"सुरू कर की गं पोरी," तो म्हणाला. "कधीचा थांबलोय. अंधार पडेल."

तिच्या जिभेवर रक्ताची चव आली होती.