तृप्तिरेषा

डॉ. सुधन्वा कारखानीसांचा स्वतःच्या यंत्रावर जितका विश्वास होता, तितका सख्ख्या भावावरही नव्हता. त्यामुळे रेहाना तांबोळींनी प्रयोगशाळेत शिरताशिरताच "सर, तुमचा क्षुधामापक चुकतोय," असं सांगितल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

रेहाना तांबोळी संस्थेच्या संख्याशास्त्रज्ञ. आडपडदा ठेवून बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"तुमचं यंत्र म्हणतं, पाहणीतल्या गावांतल्या बायका पोटभर जेवतात. आणि त्याच गावांत मुलं दीड-दोन किलोची जन्मतायत. दोन्ही खरं कसं असेल?"

अन्नपरिषदेपुढे पैसा थोडा आणि कामं उदंड होती. धान्य सडू नये म्हणून गोदामं हवीत, दुष्काळात तगणारं बियाणं हवं, गरोदर बायकांचा वेगळा शिधा चालू राहायला हवा. आधी काय, यावरून वर्षानुवर्षं हमरीतुमरी चाले. कारखानीसांच्या यंत्राने ती मिटवली: जिथे भूक जास्त, तिथे पैसा आधी. शरीराला अन्न कमी पडलं की ते स्वतःचीच चरबी जाळतं आणि त्याचा वास श्वासात उतरतो. यंत्रात फुंकर मारली की गेल्या काही दिवसांची भूक त्याला कळते. भरल्या पोटाच्या श्वासाची पातळी म्हणजे तृप्तिरेषा. जो तिच्या वर गेला तो उपाशी. बायका जवळजवळ कुणीच वर जात नव्हत्या, म्हणून परिषद त्यांचा शिधा बंद करून गोदामं बांधायला निघाली होती. उद्या सह्या व्हायच्या होत्या.

"बायकांची रेषा वेगळी आखलीय ना?" तांबोळींनी विचारलं. "कुणाच्या श्वासावरून?"

"आमच्या शालनच्या." कारखानीस जरा खुलले. "तेव्हा संस्था हात आखडून बसली होती. म्हटलं, घरचीच माणसं घेऊ. पुरुषांसाठी मी आणि माझा भाऊ, बायकांसाठी शालन. वर्षभर रोज फुंकर मारली बिचारीने. आमच्याकडे अन्नाला तोटा नाही, मॅडम. पंगतीला पाहुणा नाही असा दिवस जात नाही."

"वहिनी कधी जेवतात?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"काय जेवतात?"

कारखानीस आठवू लागले. त्यांना माहीत नव्हतं.

"उपास करतात?"

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी..." त्यांचा आवाज खाली आला.

दुपारी ते न सांगता घरी गेले. जेवणं उरकली होती. शालनताई ओट्याशी उभ्या राहून पातेल्याच्या बुडाची आमटी अर्ध्या पोळीने पुसून खात होत्या. भाजीची कढई घासायला पडलीही होती.

"अहो, तुम्ही आत्ता कसे? बसा, गरम पोळी टाकते," म्हणत त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

कारखानीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगाची भूक मोजायला निघालेल्या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरात कधी नीट डोकावून पाहिलं नव्हतं. त्यांनी सोबत आणलेलं यंत्र पुढे धरलं. शालनताईंनी सवयीने फुंकर मारली. हिरवा दिवा लागला: तृप्त. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. ती रेषा त्यांचीच होती.

त्यांनी तिथूनच परिषदेच्या अध्यक्षांना फोन लावला. "बायकांची रेषा माझ्या बायकोच्या उपाशी पोटावरून आखलीय," ते म्हणाले. सह्या थांबल्या, पण अध्यक्षांनी एक अट घातली. शिधा चालू ठेवायचा तर नवी रेषा लागेल, आणि तीही लवकर.

त्यात काय अवघड, असं सहकाऱ्यांना वाटलं. आमची ही खाऊनपिऊन सुखी आहे, असं सांगत प्रत्येकाने आपापली बायको, आई, बहीण आणली. संध्याकाळपर्यंत संस्थेच्या वसाहतीतल्या झाडून सगळ्या बायका फुंकर मारून गेल्या. सगळ्यांचे आकडे शालनताईंच्या आसपासच. शेवटी तांबोळींनी यंत्र हातात घेतलं. त्यांचाही दिवा हिरवा लागला.

"सगळ्यांचे डबे भरते," त्या म्हणाल्या. "माझा राहतो." पुरुषमंडळी एकमेकांची नजर चुकवत पांगली.

मग एकच मार्ग उरला. एका बाईला काही दिवस पोटभर जेवू घालायचं आणि रेषा नव्याने आखायची. दुसऱ्या दिवशी कारखानीसांनी सगळ्यांच्या आधी शालनताईंचं पान मांडलं. सासूबाई आणि दीर दारात अवघडून उभे होते. शालनताई पाटाच्या कडेवर बसल्या, कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं अशा.

"पोट भरेपर्यंत जेव. भरलं की सांग," कारखानीस म्हणाले आणि वाढू लागले. पोळी वाढली, भाजी वाढली, भात वाढला, पुन्हा पोळी वाढली. त्या खाली मान घालून जेवत राहिल्या. एकदा त्यांचा हात पानावर थबकला.

"भरलं?" कारखानीसांनी विचारलं.

शालनताईंनी खरोखरच विचार करून पाहिला.

"भरलं की कसं कळतं हो ते?" त्या म्हणाल्या.