ठिपके धरून ये

पंचशील त्या दुपारी वरच्या खोलीत गेला तो अगदी साध्या कामाला. मुलीचं, दीनाचं, लग्न तोंडावर आलेलं, आणि मंडपात बापाने आपल्याबद्दल चार शब्द बोलावेत असा पोरीचा हट्ट. चार माणसांपुढे उभं केलं की या गृहस्थाची बोबडी वळायची, तेव्हा आधी लिहून पाठ करावं असं ठरलं. पण लिहायला दिसायला तर हवं ना! कडेकडेने अंधार चढत चढत त्याच्या डोळ्यांपुढे मधोमध बांगडीएवढं जग उरलं होतं. मोबाइलचा उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचायचा. त्याला सोसेल असा पडदा घरात एकच होता, ताईच्या कॉम्प्युटरचा.

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण संबोधी. लग्न केलं नाही, तुकोगंजच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. डोळ्यांचं दुखणं घराण्यातलंच. आजोबा महूच्या पलटणीत होते. संध्याकाळ झाली की त्यांना बंदुकीचं टोकही दिसेना, म्हणून घरी पाठवलेले. तेच पुढे ताईला आलं, मग पंचशीलला. ऑफिसने तिला एक कॉम्प्युटर दिला होता, जुन्या जमान्यातला. माऊस नाही, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. त्यात देवनागरीचं कार्ड बसवलेलं, आणि अक्षरं मोठी करणारा एक प्रोग्राम. ऑफिसने पुढे तो भंगारात काढला तेव्हा ताईने रिक्षात घालून छत्रीबागच्या घरी आणला.

त्या प्रोग्रामचं काम समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. अक्षर तळहाताएवढं व्हायचं, पण मग पडद्यावर पाचसहा अक्षरंच मावायची. बाकीचं पान त्या चौकटीबाहेर. बाणाची बटणं दाबत चौकट इकडेतिकडे सरकवायची नि तुकड्यातुकड्याने वाचायचं. डावीकडचा वरचा कोपरा म्हणजे घर. होमचं बटण दाबलं की चौकट तिथे परत. उजवीकडे पान संपलं की कॉम्प्युटर ‘टूं’ करायचा. आणि मजकूर सोडून रिकाम्या जागेत गेलात, की सगळीकडे काळं. वर कुठे, खाली कुठे, काही कळायचं नाही. शिकताना पंचशील तिथे हरवला की लहान पोरासारखा घाबराघुबरा व्हायचा.

“पंचू, घाबरतो काय रे असा?” ताई हसायची. “घे, ठिपके टाकून ठेवलेत. ठिपके धरून ये.”

मजकुराच्या शेवटापासून रिकाम्या जागेत ती ठिपक्यांची ओळ टाकून ठेवायची. ठिपका दिसला की डावीकडे सरकत यायचं, म्हणजे घर सापडतं. बहीणभावांची ही आपली रीत होती.

थंडीत ताई गेली. त्याच कॉम्प्युटरपुढे, कीबोर्डवर डोकं टेकून. उजव्या बाणावरचं बोट सुनीताला, म्हणजे पंचशीलच्या बायकोला, हाताने सोडवावं लागलं. हार्ट, डॉक्टर म्हणाले. त्याआधीचे काही दिवस मात्र ताई जिन्यातून सारखी हाक द्यायची, “पंचू, मला बोलावलंस का रे?” तो खालून ओरडायचा, “नाही गं ताई!” म्हातारपणाचे भास, असं सगळे धरून चालले.

तर त्या दुपारी पंचशीलने खोलीत जाऊन जाड पडदे ओढले. बाहेर वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं, पण पडदे ओढल्याशिवाय त्याला दिसत नसे. खोलीत मिट्ट काळोख झाला. बंद खोलीचा कुबट वास, खालून येणारा खान नदीच्या घाण पाण्याचा वास, आणि जुन्या पंख्याची घरघर. कॉम्प्युटर सुरू झाला. त्याने एक ओळ लिहिली, ‘आमची दीना लहानपणी फार हट्टी होती’, आणि ती बरोबर आलीय का बघायला उजवीकडे सरकू लागला.

ओळ संपली. काळं आलं. आता टूं होईल म्हणून त्याने बाण दाबून धरला. टूं झालंच नाही. तो सरकतच राहिला. पानाला इतकी जागा असूच शकत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला. बोट उचलणार, एवढ्यात पांढरं काही झर्रकन निघून गेलं.

तो हळूच मागे आला. एक अक्षर. मग दुसरं.

‘कोणी...’

पुढे सरकला.

‘...आहे का’

ताईची जुनी एखादी ओळ राहिली असेल, त्याने मनाला समजावलं. खाली जाऊन सुनीताला बोलावून आणलं. तिने पडद्याला नाक लावून बघितलं.

“अहो, कुठंय? काळं आहे सगळं.”

“मोठं करून बघ ना.”

“मोठंच आहे हो. नुसतं काळं.” तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “टेन्शन नका घेऊ. लग्न निर्विघ्न पार पडू द्या.”

ती गेली. अक्षरं तिथेच होती. पंचशीलने त्यांच्याखाली लिहिलं, ‘ताई? मी पंचू.’ आणि वाट बघत बसला. पंख्याची घरघर मधेच बंद पडल्यासारखी वाटली. मग पडद्यावर, कोणी बटण दाबत नसताना, एकेक अक्षर उमटू लागलं.

‘घर सापडत नाही’

थोडं थांबून, ‘हळदीचा वास येतोय’

मग बराच वेळ काही नाही. मग, ‘उजेड कुठंय’

पंचशील ढसाढसा रडला हो. आपली ताई! दोन आंधळ्या डोळ्यांनी आयुष्यभर आपल्याला वाट दाखवणारी ताई, आणि ती तिकडे त्या काळ्यात एकटी चाचपडतेय. हळदीचं कोडं त्याला उलगडलं नाही. ताईच्या खोलीत कधी हळद आलीच नव्हती. पण त्या वेळी कोण विचार करतो! त्याने होम दाबलं, ओळीच्या शेवटाशी आला, आणि ठिपके टाकायला लागला. एक ठिपका, त्यापुढे दुसरा, त्यापुढे तिसरा. घरापासून तिच्यापर्यंत ओळ न्यायची, म्हणजे ती ठिपके धरून येईल.

मग रोज दुपारी हेच. मंडपात बोलायचे शब्द एका ओळीवरच अडले. खाली पाहुण्यांचे फोन, साड्यांच्या पिशव्या, आणि हा वर अंधारात ठिपके टाकतोय. ती जागा काही केल्या सरेना. आणि एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, सांगायची कुणाला? खोलीतून बाहेर आला की डोळ्यांपुढची बांगडी लहान झालेली असायची. आधी चहाच्या बशीत पूर्ण बिस्किट दिसायचं, आता अर्धं. मग कुरतडलेलं टोक.

तुकोगंजच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं नि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पंचशीलजी, अचानक इतकं कमी कसं झालं? जे उरलंय ते जपा बस. सगळे स्क्रीन बिल्कुल बंद.”

घरी येताना रिक्षात दीनाने त्याचा हात घट्ट धरला होता. “पप्पा, तुम्ही मला नवरीच्या साडीत बघणार ना? पांढरी घेतलीय. तुम्हाला पांढरं दिसतं म्हणून एकदम पांढरीशुभ्र.”

“बघणार गं,” तो म्हणाला. “तेवढं तर बघणारच.”

आयुष्याकडे त्याचं दुसरं काही मागणं उरलं नव्हतं. पोरीचा चेहरा एकदा, मंडपात, मग काय व्हायचं ते होवो. पण मग ताईचं काय? रात्रभर तो कूस बदलत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा वर गेला, शेवटचं म्हणून. ठिपके टाकत टाकत बराच आत गेला. बोटं भरून आली. आणि ओळीच्या टोकापुढे अक्षरं उमटली, या वेळी भराभर, धाप लागल्यासारखी.

‘ठिपके सापडले’

‘थांबू नको’

‘थांबू नको’

बांगडी मिटत होती. त्याला कडा आत सरकताना दिसत होत्या, बटणाएवढ्या भोकातून आता एकच अक्षर दिसत होतं. दीना... पांढरी साडी... त्याने कीबोर्डवरचे हात काढले. “ताई, मला माफ कर गं,” तो मोठ्याने म्हणाला, “मला पोरीला बघायचंय.” आणि वाकून भिंतीतला प्लग ओढला.

पडद्यावर एक ठिपका क्षणभर राहिला, मग तोही गेला. संध्याकाळी भंगारवाला येऊन कॉम्प्युटर हातगाडीवर घालून घेऊन गेला. पंचशील ओट्यावर बसून गाडीच्या चाकांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही.

हळदीच्या सकाळी अंगणात ही गर्दी. बायका गात होत्या, कुणीतरी ढोलकी आणलेली. पंचशीलला नवा सदरा घालून खुर्चीत बसवलं होतं, आणि उरलेल्या त्या बटणाएवढ्या भोकातून तो दीनाला शोधत होता. पिवळा हात दिसला. बांगड्या दिसल्या. “इकडे बघ गं जरा,” तो म्हणाला, आणि ती वळली, आणि तिचा चेहरा यायच्या आतच भोक मिटलं.

अंधार झाला असं म्हणावं तर तसं नव्हतं. डोळे मिटल्यावर थोडं लालसर तरी दिसतं. हे सपाट काळं होतं, कुठेही टोक नसलेलं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. नाकाशी वास तेवढा आला, ओल्या हळदीचा.

त्याने खुर्चीचे हात चाचपून धरले.

“सुनीता...” तो पुटपुटला. “उजेड... उजेड कुठंय?”

“अहो, काय झालं? उन्हातच बसलाय तुम्ही!”

त्या काळ्यात, अगदी त्याच्यासमोर, तळहाताएवढी पांढरी अक्षरं उभी होती. त्याने ती एकेक करून वाचली. वाचायची गरजच नव्हती, त्यानेच लिहिली होती.

‘ताई? मी पंचू.’

आणि मग डावीकडे, लांबवर, पहिला ठिपका उमटला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. तो त्यांच्याकडे धावत सुटला, खुर्चीत बसल्या बसल्या, ओठांतल्या ओठांत बडबडत, “ठिपके सापडले... थांबू नको... थांबू नको रे...” पलीकडचा थांबणार हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! दुसऱ्या टोकाला त्या दुपारचा तो स्वतःच बसलाय, त्याचा हात कुठे जाणार आहे, सगळं ठाऊक होतं. तरीही त्याने विनवण्या केल्या. माणूस दुसरं काय करणार!

एक ठिपका क्षणभर राहिला. मग तोही गेला.

दीना पायाशी येऊन बसली होती, तिचे हळदीचे हात त्याच्या गालांवर होते, ती रडत होती. त्याला ते फार लांबून कळत होतं. त्याला आठवलं, जिन्यातून येणारी ती हाक. पंचू, मला बोलावलंस का रे? ताईला ऐकू गेलं होतं. तिला आजच्या या विनवण्या आधीच ऐकू गेल्या होत्या, आणि ती भावाला शोधायला बाण दाबून निघाली होती, उजवीकडे, ठिपके न टाकता, आणि परत आली नव्हती.

“ताई!” तो एवढ्या मोठ्याने ओरडला की ढोलकी थांबली. अंगणात चिडीचूप झालं.

त्या शांततेत दीनाने मान वर केली.

“मम्मी... वर आत्याच्या खोलीत काय वाजतंय?”

सगळ्यांनी ऐकलं. टूं. मग जरा थांबून, टूं. सुनीता धावत जिना चढली. खोली रिकामी होती. टेबलावर कॉम्प्युटरच्या जागी धुळीतला चौकोन तेवढा होता, आणि आवाज बंद झाला होता.

पंचशीलला मात्र तो अजून ऐकू येत होता. वरून नाही, उजवीकडून, फार फार लांबून. दीना त्याला हाका मारत होती, “पप्पा, पप्पा, इकडे बघा ना...” आणि त्याचं उजव्या हाताचं बोट, बाण दाबून धरल्यासारखं, गुडघ्यावर दाबलेलं होतं. सुनीताने ते सोडवायचा प्रयत्न केला, पण ते सुटेना.